न पाहिलेले सिंह

उमरखेडच्या जिनिंगमध्ये प्रफुल्ल ठमके फिटर म्हणून लागला, तेव्हा दिवाळीपासून होळीपर्यंत तिथल्या मशीनी थंड होत नसत. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत जायची. बैल गाडीच्या सावलीत रवंथ करत बसलेले असायचे, माणसं चहाच्या टपरीवर भावाची चर्चा करत असायची आणि आत प्रफुल्ल मशीनीखाली पाठीवर पडून रोलर कसत असायचा. कापसातून सरकी वेगळी काढणारा हा चामड्याचा रोलर झिजला, की रुईत सरकीचा चुरा येतो. म्हणून फिटरला तिथं मान होता. तो घरी यायचा तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत, कानांत रुई अडकलेली असायची. आई तानाबाई त्याला दारातच थांबवून पदरानं झटकायची आणि मगच घरात घ्यायची.

मग कापसाचंच बिनसलं. एखाद्या वर्षी पाऊस दडी मारायचा, पुढच्या वर्षी बोंडअळी यायची. अळी लागणारच नाही असं सांगून विकलेल्या बियाण्यालाही ती लागायला लागली. जो काही कापूस पिकायचा तो व्यापारी बाहेरच्या बाहेर नेऊ लागले. जिनिंग आधी एका पाळीवर आली, मग दिवाळी उलटून गेली तरी सुरू होईना, आणि एक दिवस मालकानं सगळ्यांना बोलावून सांगितलं की मशीनी विकल्या. घेणारा हसमुखभाई नावाचा गुजराती होता, आफ्रिकेत टांझानियात राहणारा. तिथं शिन्यांगा नावाच्या गावात त्याची जिनिंग होती. त्याला मशीनी हव्या होत्या आणि त्या बसवून देणारा माणूसही हवा होता. प्रफुल्ल मशीनींबरोबर गेला. घरात तसा तोच एकटा सडा होता. लग्न जमता जमता राहून गेलं होतं आणि पुढं त्यानं ते मनावर घेतलं नव्हतं.

त्यानंतर दरवर्षी तो उन्हाळ्याच्या तोंडाला जायचा आणि तिकडचा हंगाम संपला की परतायचा. शिन्यांगात पाहण्यासारखं काही नव्हतं. लाल माती, मोठमोठे गोल खडक, कापसाची शेतं आणि जिनिंगचं कुंपण. कामगार सगळे सुकुमा जमातीचे होते. त्यांच्यात राहून तो मोडकीतोडकी स्वाहिली शिकला. कापसाला ते पाम्बा म्हणायचे. गाड्यांची रांग, भावावरून चाललेली कुरकुर, पत्र्यावर वाळत घातलेली सरकी, हे सगळं त्याच्या गावासारखंच होतं. कधी कधी मशीनीखाली पडल्या पडल्या त्याला आपण नेमके कुठं आहोत ते क्षणभर आठवायचं नाही.

त्याचा धाकटा भाऊ राजदीप गावीच होता. उमरखेडपासून थोड्या अंतरावरच्या त्यांच्या गावात घरची जमीन थोडकीच. राजदीप दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायचा आणि पावसाळ्यात पाठीवर पंप घेऊन फवारणी करत फिरायचा. त्याला प्रफुल्लच्या आफ्रिकेचं भारी अप्रूप होतं. पहिल्याच फोनवर त्यानं विचारलं होतं, "भाऊ, शेर पाह्यला का?"

प्रफुल्लनं खरं ते सांगितलं. जिनिंगपासून जंगल लांब आहे, तिथं जायला गाडी, गाइड, परवाना सगळं लागतं, ते गोऱ्या लोकांचं काम आहे.  पलीकडून राजदीप म्हणाला, "बरं, असू दे." ते 'असू दे' प्रफुल्लच्या मनाला लागलं. पुढच्या फोनवर पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा तो हो म्हणाला.

जिनिंगच्या ट्रकवरचा ड्रायव्हर पूर्वी सेरेंगेटीत सफारीच्या जीप चालवायचा. तो जेवणाच्या सुट्टीत गोष्टी सांगायचा. प्रफुल्ल त्या ऐकायचा आणि फोनवर राजदीपला सांगताना ड्रायव्हरच्या जागी स्वतःला बसवायचा. भर उन्हात जीप उभी होती, तेवढ्यात एक सिंहीण गवतातून उठून आली आणि सावलीसाठी जीपच्या चाकाला टेकून बसली. इतकी जवळ, की तिचा श्वास ऐकू येत होता. तिनं जांभई दिली. गाडीतलं कोणी हललं नाही. ती उठून गेल्यावर चाकाजवळच्या मातीत तिच्या अंगाचा ठसा उमटला होता. ही गोष्ट राजदीपनं कितीदा तरी सांगायला लावली. आणि घरी आपल्या लहान पोरीला, गावात ज्याला त्याला, विशेषतः बियाणं-औषधं विकणाऱ्या वामनरावांच्या कृषी केंद्रासमोरच्या बाकावर बसून, आपल्या भावानं सिंहीण कशी पाहिली ते तो रंगवून सांगायचा.

सतरा साली पोळा झाल्यावर कपाशी डोक्याएवढी वाढली. ढगाळ हवा, दमट उकाडा आणि पिकावर अळी. जो तो औषध मारायच्या मागे लागला. फवारणी करणाऱ्यांना उसंत नव्हती. राजदीप एका शेतातून निघून दुसऱ्या शेतात शिरायचा. डोक्यावरच्या झाडांमधून चालायचं, हात वर करून औषध मारायचं आणि तेच पुन्हा तोंडावर यायचं. त्या दिवसांत जिल्ह्यात बरेच फवारणीवाले आजारी पडू लागले होते, पण गावोगाव ती बातमी पोचायची होती. एका दुपारी राजदीप शेतातून आला आणि बायको उर्वशीला म्हणाला की डोळ्यांपुढं धुकं आल्यासारखं वाटतंय. मग त्याला उलट्या सुरू झाल्या. गावात गाडी मिळेना. शेवटी वामनरावांनी आपली गाडी काढली, ड्रायव्हरला घेतलं, स्वतः मागच्या सीटवर राजदीपला घेऊन बसले आणि यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथं काही दिवस काढून राजदीप गेला.

प्रफुल्ल तेव्हा शिन्यांगात होता, ऐन हंगामात. बातमी कळली तेव्हा त्याच्या हातात पाना होता. तो त्यानं जागेवर ठेवला, मशीन बंद केली आणि बाहेर जाऊन सरकीच्या ढिगावर बसला. तिकीट, विमान, पुढची बस, कशाचाच मेळ बसण्यासारखा नव्हता. तो पोचेपर्यंत थांबणं शक्य नाही, असं नातेवाइकांनी सांगितलं. अंत्यविधी उरकला. तो घरी आला तेव्हा बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी राजदीपचा फोटो लागलेला होता. लग्नात काढलेला, टोपीची सावली कपाळावर पडलेला. तानाबाई फोटोकडे पाठ करून बसायची.

उर्वशीनं तिला ठाऊक होतं तेवढं त्याला सांगितलं. वामनरावांच्या दुकानातून आणलेली दोन औषधं राजदीपनं पंपात मिसळून मारली होती. ती मिसळायला कोणी सांगितलं, शेतमालकानं, दुकानदारानं की त्याचं त्यानंच ठरवलं, हे तिला माहीत नव्हतं. प्रफुल्लच्या मनात प्रश्न राहिला. पण तो वामनरावांना विचारायला गेला नाही. ज्या माणसानं आपल्या भावाला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, त्याच्या दारात जाऊन असलं काही विचारायचं कसं, हे त्याला समजेना. रस्त्यात दिसले तर तो नमस्कार करायचा. वामनरावही हात जोडायचे आणि पुढं जायचे.

असंच वर्षाहून जास्त गेलं. मग जानेवारीत प्रफुल्ल गावीच असताना हसमुखभाईचा फोन आला. जिनिंगच्या जोडीनं त्यानं आता टांझानियातच अरुशाला सफारीची कंपनी काढली होती आणि मुंबईला गोरेगावात पर्यटनाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात स्टॉल घेतला होता. पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची माणसं आता झुंडीनं परदेशी जातात, ती नेणाऱ्या ट्रॅव्हलवाल्यांशी मराठीत बोलणारा माणूस त्याला पाहिजे होता. प्रफुल्ल म्हणाला, मी फिटर आहे, मला हे काय जमणार. हसमुखभाई म्हणाला, तू आठ वर्षं टांझानियात काढलीस ना, मग तेवढंच सांग, बाकी मी सांभाळतो.

प्रदर्शनाचा हॉल एवढा मोठा होता की जिनिंगची अख्खी इमारत त्याच्या एका कोपऱ्यात मावली असती. पायाखाली गालिचे, वर गार हवा. मॉरिशस, थायलंड, तुर्कस्तान, केरळ, सगळ्यांनी आपापली गावं उभी केली होती. कुठं नाच चालला होता, कुठं फुकट चॉकलेटं वाटत होते. हसमुखभाईच्या स्टॉलच्या मागच्या भिंतीवर गवतात बसलेल्या सिंहाचं प्रचंड चित्र होतं. त्याच्यापुढं प्रफुल्लला उभं केलं. अंगात खूप खिसे असलेला खाकी शर्ट, डोक्याला हॅट. शेजारी नेएमा नावाची कंपनीची गाइड होती, पंचविशीतली. तिला चादरीसारखा लाल शुका गुंडाळून, गळ्यात मण्यांच्या चकत्या घालून मसाई बनवलं होतं. प्रफुल्लनं तिला स्वाहिलीत विचारलं, तू मसाई का? ती हसून म्हणाली, कसली मसाई, मी सुकुमा, शिन्यांगाकडची. माझा बाप पाम्बा लावतो. बोलता बोलता कळलं, की तिच्या बापाचा कापूस प्रफुल्लच्याच जिनिंगमध्ये येत होता.

पहिल्या सकाळी प्रफुल्ल हातात माहितीपत्रकं धरून नुसता उभा राहिला. ट्रॅव्हलवाले यायचे आणि त्याला वाटलं नव्हतं असलं काहीबाही विचारायचे. सकाळी पोहे मिळतील का, जैन जेवणाची सोय आहे का, म्हाताऱ्या माणसांना जीपमध्ये चढता येतं का, पिवळ्या तापाचं इंजेक्शन घ्यावंच लागतं का. त्यातलं जे माहीत होतं ते तो सांगायचा, बाकी हसमुखभाईकडे पाठवायचा. मग कोल्हापूरच्या एका बाईनं विचारलं, "पण सिंह नक्की दिसतात का हो? नाहीतर लोक आम्हाला शिव्या घालतील."

प्रफुल्लनं तोंड उघडलं आणि सिंहिणीची गोष्ट बाहेर आली. त्यानं ती ठरवून काढली नव्हती. भर ऊन, जीपची सावली, चाकाला टेकलेली सिंहीण, तिची जांभई. फोनवर राजदीपला सांगताना जिथं तो थांबायचा तिथंच इथंही थांबला. बाईंच्या हातातली पिशवी खाली आली. शेजारच्या स्टॉलवरचे दोघं-तिघं येऊन उभे राहिले. गोष्ट संपल्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि बाईंनी आपलं कार्ड काढून दिलं.

संध्याकाळपर्यंत ती गोष्ट त्यानं इतक्यांदा सांगितली की हसमुखभाई लांबूनच गिऱ्हाइकाला बोट दाखवून म्हणायला लागला, त्यांच्याकडं जा, ते स्वतः पाहून आलेत. हसमुखभाई खूश होता. प्रफुल्लला मात्र जेवण गेलं नाही. हॉलच्या मागं, जिथं सामानाच्या रिकाम्या पेट्या रचल्या होत्या, तिथं तो डबा उघडून बसला आणि नेएमाला त्यानं सगळं सांगितलं. ही गोष्ट कुणाची, कुणासाठी रचली, तो आता कुठं आहे. बाकी कुणापाशी हे बोलता आलं नसतं. स्वाहिलीत शब्द थोडे येत असल्यानं आडवळणं घेता येत नव्हती, म्हणून बोलता आलं.

नेएमा ऐकत राहिली. "पोले," ती म्हणाली. कुणाच्या घरी माणूस गेलं की तिकडं हाच शब्द म्हणतात. मग तिनं विचारलं, तो कशानं गेला? प्रफुल्ल म्हणाला, दवेनं. स्वाहिलीत आजारावरचं औषधही दवाच आणि पिकावरचंही दवाच. ती गोंधळली. प्रफुल्लनं पाठीवरच्या पंपाची खूण करून दाखवली, तेव्हा तिच्या लक्षात आलं. 

दुसऱ्या दिवशी दुपारी एका बियाणे-औषधांच्या कंपनीचा साहेब चार-पाच माणसांना घेऊन स्टॉलवर आला. गळ्यात ओळखपत्रांच्या पट्ट्या, हातात पिशव्या. प्रफुल्लनं सवयीनं 'कारिबू', या या, म्हणत हात जोडले आणि मान वर केली, तर समोर वामनराव. पांढरा सदरा, वर जाकीट, कपाळावर नेहमीचं गंध.

वामनरावांना आधी ओळख पटली नाही. हॅटमुळं असेल. मग पटली तेव्हा ते अगदी मनापासून पुढं झाले आणि त्यांनी प्रफुल्लचे दोन्ही हात धरले. आपल्या गावचा पोरगा इथं, एवढ्या मोठ्या जागी, म्हणून त्यांना खरंच कौतुक वाटत होतं. त्यांनी साहेबांना सांगितलं, हा आमचा प्रफुल्ल, आफ्रिकेत मोठ्या कामावर असतो. साहेब तरुण होता, बोलायला मोकळा. त्यानं सांगितलं की ज्या विक्रेत्यांनी तीन हंगामांचं टार्गेट पूर्ण केलं, त्यांना कंपनी परदेश सहल देते. आजवर बँकॉक, दुबई झालं, या वेळी काहीतरी वेगळं करायचंय. म्हणून त्यानं चार ज्येष्ठ विक्रेते मुद्दाम सोबत आणले होते, त्यांची पसंती घ्यायला.

"कोणकोणत्या सालचं टार्गेट?" प्रफुल्लनं विचारलं.

"सोळा, सतरा, अठरा," साहेब म्हणाला. "सतरामध्ये तर विदर्भानं कमालच केली."

प्रफुल्लनं वामनरावांकडे पाहिलं. वामनराव सिंहाच्या चित्राकडे पाहत होते. मग वळून म्हणाले, "साहेबांइले ते सांग ना बाप्पा, सिंहिणीचं. राजदीप सांगे आमच्या बाकावर बसून. गाडीच्या सावलीत येऊन बसली होती म्हणे."

हसमुखभाई मागून डोळ्यांनी खुणावत होता. एवढं मोठं गिऱ्हाईक अजून कोणी आलं नव्हतं. प्रफुल्लला वाटलं होतं की आता आपल्या तोंडून शब्द फुटणार नाही. पण फुटला. त्यानं गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, काही गाळलं नाही. उलट नेहमीपेक्षा सावकाश सांगितली. चारही विक्रेते ऐकत उभे राहिले. साहेबानं मोबाइलवर गोष्टीचं चित्रीकरण केलं. ठशाशी येऊन प्रफुल्ल थांबला तेव्हा वामनरावांनी डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं. ही गोष्ट त्यांनी आधी राजदीपच्या तोंडून ऐकलेली होती.

साहेब लगेच हसमुखभाईकडे दर ठरवायला बसला, बाकीचे तिघं नेएमाबरोबर फोटो काढायला गेले. वामनराव तिथंच राहिले, प्रफुल्लसमोर, मधे माहितीपत्रकांचं टेबल.

"वामनराव," प्रफुल्ल म्हणाला, "तो शेर मी पाह्यला नाही. एकही नाही पाह्यला आजपर्यंत."

वामनराव हसले. मग त्यांना तो थट्टा करत नाही असं दिसलं. "मंग राजदीपले...?"

"त्याले खोटंच सांगतलं. तो लई आशेनं विचारे." प्रफुल्लनं हॅट काढून टेबलावर ठेवली. "आता तुम्ही मले एक खरं सांगा. ते दोन औषधं मिसळून मार म्हणून त्याले तुम्ही सांगतलं होतं का?"

आजूबाजूला गलका होता. पलीकडे कुठल्याशा बेटाच्या स्टॉलवर ढोल वाजत होते. वामनरावांनी एक माहितीपत्रक उचललं, उघडलं, पुन्हा मिटलं. ते वाईट माणूस नव्हते. गावात कुणाच्या पोरीचं लग्न अडलं तर पुढं होणारे होते. त्यांनी मान खाली घातली.

"त्या साली समदेच तेच मांगत होते," ते म्हणाले. "कंपनीचा माणूस दुकानात बसून सांगे, दोन्ही एकत्र मारा, अळी हटते. मी बी सांगे. रोज किती जणं येत. त्याले सांगतलं का नाही, मले आठवत नाही प्रफुल्ल." मग आवाज पडून, "सांगतलं असन."

प्रफुल्लनं टेबलावरची हॅट उचलून बाजूला ठेवली.

"दवाखान्यात नेतानी त्याचं डोकं माह्या मांडीवर होतं," वामनराव म्हणाले.

"ते मले माहीत हाय. तेच्यामुळंच आजपावतर विचारलं नाही."

साहेबानं लांबून हाक मारली. वामनराव गेले. जाताना त्यांनी पत्रक टेबलावर सरळ ठेवलं, कडा जुळवून, दुकानात ठेवतात तसं.

व्यवहार ठरला. हसमुखभाईनं सगळ्या स्टॉलला पेढे वाटले आणि प्रफुल्लच्या पाठीवर थाप मारून सांगितलं की या ग्रुपबरोबर मराठी गाइड म्हणून तूच जायचंस, आता तरी खरे सिंह बघ. प्रफुल्लनं नाही म्हटलं. मार्चमध्ये मशीनी खोलायच्या आहेत, हंगामाआधी रोलर बदलायचे आहेत, असं कारण त्यानं दिलं. हसमुखभाईला ते कळेना. पण मशीनीही त्याच्याच होत्या, म्हणून त्यानं फार ताणलं नाही.

शेवटच्या दिवशी प्रफुल्लनं ती गोष्ट सांगितली नाही. नाशिकच्या एका ट्रॅव्हलवाल्यानं विचारलं, सिंह दिसतात का, तेव्हा तो म्हणाला, दिसतात म्हणतात, मी पाहिलेला नाही. त्या माणसाला आधी विनोद वाटला, मग तो पत्रक ठेवून शेजारच्या स्टॉलवर गेला. असं दोन-तीनदा झाल्यावर हसमुखभाईनं त्याला मागं बसवलं, पत्रकांची खोकी फोडायला आणि पाणी आणायला. खाकी शर्ट काढून त्यानं घडी घालून दिला, तेव्हा त्याला जरा बरं वाटलं.

गावी येऊन त्यानं उर्वशीला सगळं सांगितलं. ती अंगणात तूर पाखडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"'असन' म्हणाले?" तिनं विचारलं.

"हो."

सुपातला कचरा तिनं वाऱ्यावर सोडला. मग म्हणाली, "मले वाटत होतं, एकदा समजलं का मन हलकं होईन. काहीच नाही झालं पाहा, भाऊजी."

मग त्यानं सिंहांचंही सांगून टाकलं. ती रागावेल अशी त्याची तयारी होती. तिनं फक्त मान वर करून दाराकडे पाहिलं, आतून कोणी ऐकत नाही ना म्हणून, आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरीले नका सांगू. ते शाळेत सांगत असते, बाबानं मले सांगतलं म्हणून."

प्रफुल्लनं मान हलवली. त्या दिवशी तो बाहेर ओट्यावरच बसून राहिला. तानाबाईनं दोनदा जेवायला हाक मारली.

मार्चमध्ये तो शिन्यांगाला गेला. मशीनी खोलल्या, घासल्या, नवे रोलर चढवले. विक्रेत्यांची सहल ठरल्याप्रमाणं आली आणि गेली. नेएमा त्यांच्याबरोबर होती. सहल संपल्यावर ती सुट्टी घेऊन बापाच्या घरी आली आणि एका रविवारी तिनं प्रफुल्लला तिकडं जेवायला बोलावलं.

तिनं सांगितलं की लोकांना सिंह दिसले, खूप दिसले, सगळ्यांनी भरपूर फोटो काढले. पांढऱ्या सदऱ्यातले ते म्हातारे तेवढे गाडीत मागं बसायचे. रोज सकाळी विचारायचे, प्रफुल्ल इथून किती लांब आहे. ती सांगायची, एक दिवसाची वाट. ते मान हलवायचे. भेटायला येऊ असं काही म्हणाले नाहीत. 

नेएमाचा बाप सत्तरीकडे झुकलेला होता, काटक, बोलायला हौशी. त्यानं प्रफुल्लला आपली कपाशी दाखवायला नेलं. उशिरा लावलेली एक पट्टी अजून हिरवी होती आणि तिच्यावर अळी दिसत होती. ती मारूनच जेवायला बसू, असं म्हणून म्हाताऱ्यानं झोपडीच्या मागून पंप आणला. अंगात बनियनसुद्धा नव्हता. औषधाच्या बाटलीचं झाकण त्यानं दातांनी उघडलं.

प्रफुल्ल झटकन पुढं झाला. त्यानं म्हाताऱ्याच्या हातातून बाटली घेतली, त्याला तोंड धुवायला लावलं आणि चूळ भरायला लावली. मग स्वतःचा शर्ट काढून त्याच्या अंगात घातला आणि गळ्यातला दुपट्टा सोडून त्याच्या नाकातोंडाला घट्ट बांधला. म्हातारा हसायला लागला. त्यात दम कोंडतो म्हणाला. इतकी वर्षं मारतोय, काही झालं नाही, असंही म्हणाला. नेएमा बापाला काहीतरी चढ्या आवाजात बोलली, तेव्हा तो गप्प बसला.

पंप पाठीवर चढला. म्हातारा पट्टीत शिरला, आणि अर्ध्या वाटेवर त्यानं दुपट्टा ओढून हनुवटीखाली घेतला. प्रफुल्ल उघड्या अंगानं बांधावर उभा होता. त्यानं तिथूनच ओरडून सांगितलं, वर घे. म्हाताऱ्यानं वर घेतला. वारा फिरला तेव्हा प्रफुल्लनं पुन्हा हाक दिली, तोंड फिरव, उलट्या बाजूनं ये. म्हातारा वळला. घरातून जेवण झाल्याची हाक आली. प्रफुल्ल हलला नाही. पट्टी संपेपर्यंत तो बांधाबांधानं म्हाताऱ्याच्या बरोबरीनं चालत राहिला.